गाण्याच्या पोटातलं नाव

केंद्रावर पाहुणे आले की आमचे व्यवस्थापक साळवे सर एकेकाची ओळख करून द्यायचे. "हे रफिकभाई, आमचे निवेदक. या ताई शेतीचा कार्यक्रम करतात." माझ्यापाशी आले की जरा थांबायचे आणि म्हणायचे, "आणि या वत्सलाताई. या गाणी बघतात." पाहुणे मान डोलवायचे आणि पुढं सरकायचे. गाणी बघणं म्हणजे नेमकं काय, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. माझ्या जावेला तर अजूनही वाटतं की मी खुर्चीत बसून दिवसभर गाणी ऐकायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. आता निवृत्त झाले आहे, हाताशी वेळ आहे, तर एकदा नीट सांगून टाकते.

आमचं केंद्र म्हणजे औंढा तालुक्यात, जवळा बाजारच्या रस्त्याला, दोन खोल्या आणि एक उंच मनोरा. एका संस्थेनं चालवलेला लहानसा रेडिओ. आसपासच्या गावांपुरताच ऐकू यायचा. बस हिंगोलीच्या बाजूला थोडी पुढं गेली की आवाज खरखरायला लागायचा आणि मग नाहीसा व्हायचा. आम्ही सिनेमाची गाणी लावत नव्हतो. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, पाळणे, धनगरांच्या ओव्या, भजनं, असं सगळं आमची माणसं गावोगाव जाऊन रेकॉर्ड करून आणायची. ते संगणकात ठेवायचं, हवं तेव्हा सापडेल असं लावायचं आणि बिघडू द्यायचं नाही, हे माझं काम. त्याआधी मी बालवाडी चालवायचे. लेकरांची नावं पाठ ठेवायची सवय होती, ती इथं कामाला आली.

संगणकातल्या गाण्याला दोन नावं असतात. एक बाहेरचं, सगळ्यांना दिसणारं. ते काहीही असू शकतं, 'नवीन सात' किंवा 'हळद दोन'. दुसरं असतं गाण्याच्या पोटात. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, गाव, कुणाकडून शिकलं, अशा छोट्या छोट्या रकान्यांच्या चिठ्ठ्या त्या फाइलीच्या आतच चिकटवलेल्या असतात. त्याला टॅग म्हणतात. गाणं वाजायला लागलं की संगणक हा टॅग वाचतो आणि पडद्यावर दाखवतो. रफिकभाई पडद्यावर बघून बोलायचे, "आता ऐकू या अमक्या गावच्या तमक्या बाईंच्या आवाजात." म्हणजे टॅग बराबर तर नाव बराबर.

हे मी एकदा एका म्हाताऱ्या धनगरबाबांना समजावून सांगत होते. ते माझ्याआधीच समजून बसले. म्हणाले, "म्हंजी मेंढराच्या पाठीवरचा रंग. कळप कळपात मिसळला तरी कळतं कुणाचं कोन्तं." मी म्हणाले, अगदी तसंच. तर ते म्हणाले, "पन रंग जातो बरं का, ताई. लक्ष ठेवावं लागतं."

रंग जातो म्हणजे कसा, हे पहिल्यांदा कळलं ते एका सत्यभामाबाईंमुळं. त्या फार सुरेख भूपाळ्या म्हणायच्या. एकदा रफिकभाईंनी त्यांचं नाव 'सत्यभामाबा' असं वाचलं. बाई रागावल्या, त्यांचा लेक भांडायला आला. मी टॅग उघडून बघितला तर खरंच 'सत्यभामाबा', पुढचा 'ई' गायब. खूप शोधल्यावर समजलं की जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये नावाला तीसच खुर्च्या ठेवलेल्या असतात. इंग्रजी अक्षर एका खुर्चीवर बसतं. आपलं अक्षर तीन खुर्च्या अडवतं, आणि काना, मात्रा, उकार सगळे वेगळी जागा मागतात. सत्यभामाबाईंचा 'ई' उभाच राहिला आणि बाहेर पडला. तेव्हापासून मी सगळी नावं नव्या पद्धतीच्या टॅगमध्ये भरायला लागले. त्याला खुर्च्यांची मर्यादा नाही. लेक येऊन पाया पडून गेला. मला वाटलं, आता आपल्याला हे काम आलं.

ते आलं नव्हतं, हे लवकरच दिसलं.

केंद्राला नवा संगणक मिळाला. नांदेडहून इंजिनिअर आला, त्यानं जुनी सगळी गाणी नव्यात घातली, गाणी वाजवायचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, चहा घेतला आणि जुना संगणक रिकामा करून सोबत घेऊन गेला. दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात जात्यावरची ओवी लागायची होती. कमळाबाई नावाच्या आजी होत्या जवळच्याच गावच्या, त्यांची. मी चहा गाळत होते आणि कानावर आलं, रफिकभाई एक लांबलचक इंग्रजी नाव वाचून राहिले. कुठल्याशा परदेशी गायिकेचं, आणि पुढं नाचाच्या अल्बमचं. अगदी स्वच्छ, न अडखळता वाचलं. आणि त्यापाठोपाठ जात्याची घरघर आणि कमळाबाईंचा आवाज.

मी आत पळाले. रफिकभाई म्हणाले, "ताई, स्क्रीनवर जे आलं ते मी वाचलं. मला वाटलं साळवे सरांनी काही नवीन सुरू केलं."

मी एकेक गाणं उघडत गेले. हळदीच्या गाण्यावर कुठल्या तरी हिंदी भक्तिगीतांच्या कॅसेटचं नाव. भजनावर 'अनोळखी कलाकार'. पाळण्यावर परदेशी वाद्यवृंद. काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं. त्या नव्या सॉफ्टवेअरला एक सवय होती, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. ते गाण्याची लांबी आणि क्रमांक बघायचं, इंटरनेटवर जाऊन त्याच्याशी जुळणारं काही शोधायचं आणि आपल्या मनानं टॅग दुरुस्त करून टाकायचं. बाजारातल्या सीडीला ते उपयोगी पडत असेल. आमच्या बायांची गाणी इंटरनेटवर कुठून असणार? मग जे जवळपास जुळलं ते चिकटवलं.

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका, दुसऱ्या डिस्कवर नक्कल आहे ना." नक्कल होती. पण ती डिस्क इतकी आज्ञाधारक होती की मूळ फाइलीत जे बदलेल ते लगेच स्वतःतही बदलून घ्यायची. चुकीची नावंही तिनं मन लावून उतरवून घेतली होती. आणि आमच्याकडं वेगळी कागदावरची नोंद नव्हती, कारण ती नोंद ठेवायची जागा म्हणजेच टॅग.

दुपारी कमळाबाई काठी टेकत आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "माझ्या गान्यावर कोन बाई बसवली रे?"

रफिकभाई उठून उभे राहिले. "आजी, मशीननं गडबड केली. आमी दुरुस्त करून राहिलो."

"मशीनला माझं नाव ठाऊक न्हाई व्हय. तुमाला तर ठाऊक होतं."



त्या आठवड्यात मी जे काही शिकले त्यावर पुढची सगळी नोकरी उभी राहिली. आधी ती आपोआप दुरुस्तीची सोय बंद केली. मग गाण्यांचे दोन संच केले. एक रोज वाजवायचा. दुसरा अस्सल, वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचता येईल आणि लिहिता येणार नाही असा करून ठेवलेला. त्यातलं काही बदलायचं तर माझा पासवर्ड लागायचा. ती डिस्क तारेला जोडलेली ठेवायची नाही, कपाटात ठेवायची. शिवाय प्रत्येक फाइलीचा ठसा घेऊन ठेवायचा. ठसा म्हणजे संगणकानं त्या फाइलीवरून काढलेली अक्षरं-आकड्यांची एक ओळ. फाइलीत एका अक्षराचा, एका कान्याचा जरी फरक झाला तरी ती ओळ पार बदलते. दर सोमवारी मी ठसे ताडून बघायचे. कुणी हात लावला असेल तर लगेच कळायचं.

पण कुलूप लावायला घरात आधी काहीतरी असावं लागतं. नावं तर गेलेली होती. साळवे सर म्हणाले, "ज्यांची आठवत नाहीत तिथं 'पारंपरिक' लिहून टाका."

मी म्हणाले, "सर, पारंपरिक नावाची बाई मी अजून कुठल्या गावात पाहिली नाही."

ते हसले आणि मला गाडी दिली. रफिकभाई सोबत. आम्ही फोनमध्ये गाणी भरून गावोगाव फिरायला लागलो. एक नियम ठरवला आणि साळवे सरांकडून मान्य करून घेतला. नाव अंदाजानं टाकायचं नाही. गाणाऱ्यानं स्वतः सांगावं, किंवा तो हयात नसेल तर रेकॉर्डिंगला हजर असलेल्या दोघांनी वेगवेगळं सांगावं. आणि एकदा लिहिलेलं नाव बदलायचं असेल तर ते फक्त गाणाराच बदलू शकतो, दुसरं कुणी नाही.

ते दिवस मी कधी विसरणार नाही. डोंगरकड्याकडच्या एका गावात फोनवर गाणं लावलं आणि पारावरची माणसं जवळ सरकली. एक म्हातारा म्हणाला, "हा तर आमचा दाजी." दाजीला जाऊन वर्षं झाली होती. त्यांची सून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच खाली बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. काही ठिकाणी तर लोकांनी नाव सांगून वर नवं गाणंही गायलं. एका गावातल्या पुढाऱ्याच्या माणसानं गाणाऱ्याच्या रकान्यात साहेबांचं नाव 'सौजन्य' म्हणून टाकायला सांगितलं. रफिकभाई त्याला शांतपणे म्हणाले, "साहेबांना एकदा जात्यावर बसवा, आमी रेकॉर्ड करतो." पुन्हा त्या माणसानं विषय काढला नाही. एकेक नाव परत येत होतं आणि रोज संध्याकाळी मी ते टॅगमध्ये भरून कुलूप लावत होते. त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो. सगळी नावं मिळाली असं नाही. काही गाणी अजून रिकाम्या रकान्याची आहेत आणि त्यांच्यापाशी आलं की मला वाईट वाटतं.

एका पाळण्यानं मात्र आम्हाला फार फिरवलं.

तो औंढ्याच्या डोंगरातल्या एका धनगरवाडीतला होता. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं तिथं अजून राहतात. दोन बायांचे आवाज. पहिली ओळ एकजण उचलते, दुसऱ्या ओळीला दुसरी येऊन मिळते.

बाप गेला रानाला, मेंढरं नेली चाराया,
नीज माझ्या लेकरा, वारा आला झुलवाया.

पहिला आवाज तरुण, उंच आणि मोकळा. दुसरा भरीव, थोडा खरबरीत, खालून आधार देणारा. आमच्याकडच्या सगळ्या पाळण्यांत मला तो सरस वाटायचा. रेकॉर्डिंग माझ्या आधीच्या काळातलं, त्यामुळं गाणाऱ्या बाया मी पाहिल्या नव्हत्या.

वाडीत बायका जमल्या. मी गाणं लावलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्या जमिनीकडं बघायला लागल्या. एकीनं पदर सारखा केला, एक उठून पाणी आणायला गेली. मी विचारलं, "कुणी गायलंय हे?"

"आठवत न्हाई," एक म्हणाली.

तेवढ्यात मागून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई पुढं आल्या. ध्रुपदाबाई. वाडीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, हे बाकीच्या बाजूला सरकल्या त्यावरून कळलं. म्हणाल्या, "हे गानं माझं हाय. माझं नाव लिवा."

"माय, यात दोन आवाज आहेत. दुसरा कुणाचा?"

"दुसरा कुनाचा न्हाई."

मी परत विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं आणि त्या निघून गेल्या. त्या परत येईनात म्हणून आम्ही गाडीकडं निघालो. वाडीच्या खालच्या हापशावर एक तरुण सून हंडा भरत होती. आमच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "ध्रुपदाआत्याची सून होती, गिरजा. नवऱ्यानं दुसरी केली तवा निघून गेली. गोरेगावला शिवनकाम करते म्हंतात. माझं नाव सांगू नका."

मी दोन वेळा रेडिओवरून आवाहन करायचा विचार केला. मग लक्षात आलं, गोरेगाव सेनगाव तालुक्यात, आमचा आवाज तिथं पोचतच नाही. म्हणून हिंगोलीला बसनं गेले, तिथून सेनगावला आणि पुढं गोरेगावला जीपनं. बाजारात दोघातिघांना विचारल्यावर एका किराणा दुकानाच्या शेजारी, पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली गिरजा सापडली. चाळिशीतली, सडपातळ, तोंडात टाचण्या धरून ब्लाऊजची बाही बसवत होती.

मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. तिनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "काहून आलात?"

मी काही बोलण्याऐवजी गाणं लावलं.

ती हातातलं कापड तसंच धरून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "हे अजून हाय तुमच्याकडं?"

"आहे. पण त्यावरचं नाव पुसलं गेलंय. विचारायला आले."

"आधी काय नाव होतं?"

"ते मला आठवत नाही. रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी नव्हते."

"सूनबाई म्हनून असंल. नायतर नवऱ्याचं नाव लावून." तिनं कापड मशीनवर ठेवलं. "आता काय लिवताल?"

"तू सांगशील ते."

तिला याचं नवल वाटलं असावं. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "नुसतं गिरजा लिवा. पुढं कुनाचं नाव नको. उचल माझी हाय. पैला आवाज माझा."

"आणि दुसरा?"

"ते त्यांनाच इचारा," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. कुणाला, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मला अंदाज आला होता. पण अंदाजानं नाव टाकायचं नाही, हा नियम मीच केला होता. निघताना तिनं फोन नंबर दिला. मी केंद्रावर येऊन 'गिरजा' एवढंच लिहिलं आणि दुसऱ्या आवाजाची जागा मोकळी ठेवली.

काही दिवसांनी रफिकभाईंनी तो पाळणा लावला. "आता ऐकू या एक पाळणा, गिरजाच्या आवाजात."

दुसऱ्या दिवशी साळवे सरांना वाडीतून फोन आला. त्या बाईचं नाव काढा, नाहीतर आमच्या वाडीत परत रेकॉर्डिंगला यायचं नाही. सर काळजीत पडले, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्या वाडीतले ओव्या म्हणणारे गडी आमच्या रेडिओचा प्राण होते. लोक फक्त त्यांच्यासाठी रेडिओ लावायचे.

"वत्सलाताई," ते म्हणाले, "एका नावासाठी सगळी वाडी घालवायची का?"

"सर, आज एकीचं नाव दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलं, तर उद्या त्याच वाडीतल्या गड्याचं नाव काढायला कुणी आला की काय सांगणार? आपण कुलूप कशासाठी केलं मग?"

त्यांनी माझ्याकडं पासवर्ड मागितला नाही. याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

त्याच दुपारी ध्रुपदाबाई रिक्षानं आल्या. एकट्या. साळवे सर खुर्ची पुढं करत म्हणाले, "बसा माय."

"बसाया न्हाई आले. रेडिओवर त्या पोरीचं नाव कोनी घेतलं?"

"आमी घेतलं," रफिकभाई म्हणाले.

"काहून?"

मी म्हणाले, "तिनं गायलंय म्हणून."

"घर सोडून गेलेल्या बाईचं नाव आमच्या गान्याला लावता. वाडी हसून राहिली आमाला. काढा ते."

"माय," मी म्हणाले, "तुम्ही हे गाणं कधी नीट ऐकलंय का?"

"मी गायलेलं मीच काय ऐकू?"

"एकदा ऐका. मग तुम्ही सांगाल तसं बोलू."

त्यांनी साळवे सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बसल्या. मी कानावर लावायचे मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. पदरावरून ते नीट बसेनात, तर त्यांनी स्वतःच पदर मागं घेतला. मी गाणं सुरू केलं. आम्हाला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. आणि एका जागेवर त्यांचे ओठ हलले, मग थांबले, मग परत हलले.

"परत लावा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मी परत लावलं. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर धरले.

"माझा आवाज दुसऱ्या ओळीला येतो."

"व्हय माय."

"तवा मला दम लागायचा. पैली ओळ उचलायला छाती पुरत नव्हती." त्या थांबल्या. "दुसरा आवाज माझा हाय. मग त्याला नाव काहून न्हाई लावलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, दुसरा कुणाचा न्हाई."

साळवे सर चहाचा कप हातात धरून तसेच उभे होते. ध्रुपदाबाई माझ्याकडं एकटक बघत राहिल्या. मला वाटलं आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "लिवा माझं."

मी कपाटातून डिस्क काढली, जोडली, पासवर्ड टाकला. "तुम्ही वयानं मोठ्या आहात. तुमचं आधी लिहू का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "उचल तिची हाय. तिचं आधी."

मी तसं लिहिलं. पडद्यावर त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून रफिकभाईंनी वाचून दाखवलं. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दारात वळून म्हणाल्या, "हे गान्यापुरतं. घरात तिला जागा न्हाई." रेकॉर्डिंग बंद करायचा निरोप त्यानंतर वाडीतून आला नाही.

मी गिरजाला फोन केला. नियमाप्रमाणं तिला सांगणं भाग होतं, कारण तिच्या नावाशेजारी दुसरं नाव आलं होतं. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मागं मशीनचा आवाज चालू होता. 'तिचं आधी' इथं मी आले तेव्हा तो बंद झाला.

"आत्याबाई असं म्हनल्या?"

"अगदी याच शब्दांत."

मी फोन धरून बसले.

"मग अजून एक लिवा, ताई," ती म्हणाली. "ते गानं त्यांचं हाय. त्यांनी माहेरून आनलं आन मला शिकवलं. त्या दिवशी मी तुमाला सांगितलं न्हाई."

टॅगमध्ये 'कुणाकडून शिकलं' असा रकाना होता. आमच्या बहुतेक गाण्यांत तो रिकामाच राहिलेला. मी परत डिस्क जोडली, त्या रकान्यात ध्रुपदाबाईंचं नाव लिहिलं, नवा ठसा घेतला आणि कुलूप लावलं. मी निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी तो ठसा ताडून पाहिला. एका कान्याचाही फरक पडला नाही.

तो रकाना भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा लागला. गोरेगावला रेडिओ ऐकू जात नाही, म्हणून मी गिरजाला फोन लावून तो स्पीकरपाशी धरला होता. रफिकभाईंनी पडद्यावर आहे ते वाचलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

"गायल्या आहेत गिरजा आणि ध्रुपदाबाई. गिरजा हे गाणं ध्रुपदाबाईंकडून शिकली."